बेशेनबायची पकड

नारीनच्या डोंगराळ मुलखातल्या कोचकोर गावात सुनांचं कौतुक निघालं की कालिपाचं नाव हमखास निघायचं. लग्नाला चौदा वर्षं झाली, पण पोरीने सासऱ्याचं नाव एकदाही उच्चारलं नाही. सुनेने सासऱ्याचं आणि थोरल्या दिराचं नाव घ्यायचं नाही, हे तिकडे पाळण्यातल्या मुलालाही ठाऊक असतं. पण हल्लीच्या सुना ते घरात पाळतात आणि बाजारात विसरतात. कालिपा बाजारातही विसरत नसे. सासऱ्याचं नाव बेशेनबाय, म्हणजे गुरुवारी जन्मलेला. म्हणून ती गुरुवारला गुरुवारसुद्धा म्हणत नसे. दवाखान्यातल्या बाईंनी विचारलं, "पुन्हा कधी येतेस?" की हिचं उत्तर, "शुक्रवारच्या आदल्या दिवशी." म्हाताऱ्या बायका तिच्या पाठीवरून हात फिरवत आणि आपापल्या सुनांकडे जळजळीत नजरेने बघत.

आता खरं सांगायचं तर यात आदर औषधालाही नव्हता. कालिपाला त्या नावाने आपलं तोंड विटाळायचं नव्हतं, एवढंच. चालीरीतीचं पांघरूण आयतंच मिळालं होतं, तिने ते ओढून घेतलं. लोकांना काय, डोक्यावर रुमाल आणि खाली नजर दिसली की पुरे.

बेशेनबाय म्हणजे उलाकचा नावाजलेला स्वार. मुंडकं छाटलेल्या बोकडाचं धड भरधाव घोड्यावरून उचलायचं, दहाजणांच्या हिसकाहिसकीतून मांडीखाली दाबून न्यायचं आणि पलीकडच्या ओट्यावरच्या खळग्यात टाकायचं. या खेळात त्याच्यासारखी पकड नारीनच्या अख्ख्या मुलखात कुणाची नव्हती. मैदानावर लोक त्याच्या नावाने टोप्या उडवत. मैदानावरून घरी आला की हीच पकड घरातल्यांच्या मानेवर बसे.

कालिपा लग्न होऊन आली तेव्हा तिची कॉलेजातली गणिताची दोन वर्षं झाली होती, तिसरं बाकी होतं. ते पूर्ण करू देऊ, असं तिच्या बापाला सांगून लग्न ठरलं होतं. सप्टेंबर उजाडला तसं तिने विचारलं. म्हातारा चहा पीत होता. म्हणाला, "मेंढ्या मोजता येतात ना? मग झालं." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या वहीचं पहिलं पान टरकन फाडून त्याने चहाच्या पाण्याचा समोवार पेटवला. सगळी वही एकदम जाळली असती तरी एक वेळ चाललं असतं. पण नाही. रोज एक पान. रोज सकाळी तो तिलाच वही आणायला सांगे, तिच्या देखत पान फाडे आणि मोजे, "आज सतरावं." वही शहाण्णव पानांची होती. डिसेंबरात संपली. त्या दिवशी म्हातारा हसून म्हणाला, "बघ, मोजणी तर मलाही येते." सासू उलकान चुलीपाशी बसून पीठ मळत होती. तिने मानसुद्धा वर केली नाही. नवरा कुबान बाहेर घोड्याला पाणी पाजत होता. पुढे तो कामासाठी रशियात गेला आणि रविवारी फोनवरून हवापाणी विचारण्यापुरता उरला.

ते नाव कालिपाने टाकलं ते तेव्हापासून.

थोरला दीर जोमार्त बिश्केकला राहायचा. त्याचंही नाव न घेता ती त्याला बायके, म्हणजे दादा, म्हणे. त्याचं संगणकावरचे खेळ बनवायचं छोटंसं दुकान होतं. दोन खोल्या, चार माणसं. चार वर्षांपूर्वी त्याने उलाकचाच खेळ करायला घेतला. स्वार खरे, कोचकोरचे, मुलखातले, नावानिशी. गवत कापायला म्हणून तो गावी आला की संध्याकाळी अंगणात लॅपटॉप उघडून बसे आणि आकड्यांशी झगडत शिव्या घाली. एकदा कालिपा चहा ठेवायला आली आणि उभ्याउभ्याच म्हणाली, "बायके, या घोड्याचा दम दर पावलाला कमी होतोय आणि धावतानाही वेगळा कमी होतोय. दोनदा कापताय तुम्ही. म्हणून तो मैदानाच्या मध्यावरच बसतो."

जोमार्तने चहाकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. आठवडाभराने जुना लॅपटॉप तिच्याकडे आला.

खेळ चालवणारी स्क्रिप्ट म्हणजे तरी काय? डबे आणि डब्यांवरच्या चिठ्ठ्या. चिठ्ठीवर नाव, डब्यात आकडा. 'पकड बरोबर साठ' असं लिहिलं की पकडीच्या डब्यात साठ गेले. खाली कुठेतरी 'पकड बरोबर सत्तर' लिहिलं की साठ उकिरड्यावर आणि सत्तर आत. डब्याला मागचं काही म्हणजे काही आठवत नाही. कालिपाला हे इतकं आवडलं की पहिले कितीतरी दिवस ती नुसतीच आकडे घालून पुसत बसली. तिला स्वतःला सगळं आठवायचं, पानांच्या क्रमांकासकट.

खेळातल्या प्रत्येक स्वाराचा एक पेटारा होता आणि पेटाऱ्यात पाच डबे: ताकद, पकड, दम, घोड्यावरचा ताबा आणि धडक. शून्यापासून शंभरापर्यंत. साठेक स्वारांचे आकडे कालिपाने भरले. ती म्हाताऱ्यांना चहा देता देता विचारून घेई, अमुक स्वाराचा डावा हात कसा होता, तमुकाचा घोडा गर्दीत बुजायचा का. म्हातारे खुलायचे. सून काय विणते आहे याचा त्यांना पत्ता नसे.

अडलं ते एकाच पेटाऱ्याशी. त्यावरची चिठ्ठी होती, बेशेनबाय.

"मी हे लिहिणार नाही," ती फोनवर जोमार्तला म्हणाली.

"अगं, बोलायचं नसतं. लिहायला काय झालं?"

"बायके, मी लिहिणार नाही."

जोमार्तला वाटलं, काय ही सून! त्याने स्वतः एक ओळ घातली, 'आतम बरोबर बेशेनबाय'. आतम म्हणजे आमचे वडील. त्या ओळीने दुसरा पेटारा तयार झाला नाही. त्याच पेटाऱ्याला दुसरी चिठ्ठी बांधली गेली. आता कालिपाने 'आतम'च्या डब्यात काहीही टाकलं तरी ते बेशेनबायच्याच डब्यात जाणार. माणूस एक, नावं दोन. तिचं काम त्या नावाला न शिवता चालू झालं.

पेटारा पहिल्यांदा उघडला तेव्हा आत आकडे आधीच होते. जोमार्तने खेळ सुरू करताना घातलेले. ताकद चौदा, दम नऊ, पकड अकरा. शेजारी तारीख. कालिपाला तो दिवस आठवत होता. म्हाताऱ्याने भर पंगतीत थोरल्या लेकाला विचारलं होतं, "चाळीस वर्षांचा घोडा झालास आणि खेळणी करतोस होय रे? तुझ्यापेक्षा तुझ्या धाकट्याची बायको बरी, निदान गाईचं दूध तरी काढते." जोमार्त मूग गिळून उठला होता. आणि मग शहरात जाऊन त्याने बापाच्या पकडीला अकरा दिले होते.

रुमालाचं टोक तोंडात धरून कालिपा किती तरी वेळ हसली. मग तिने ओळीखाली ओळ लिहिली: आतमची ताकद ब्याऐंशी, दम शहात्तर, पकड ब्याण्णव. माया आली होती म्हणून नव्हे. माणूस नीच होता, पण घोड्यावर तो तसा होता, तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. तिला सासऱ्याचा जेवढा राग होता, त्याहून खोट्या आकड्याचा जास्त होता. जोमार्तचे जुने आकडे वरच्या फाईलीत तसेच पडून राहिले. तिचे आकडे नंतर भरले जात, त्यामुळे चालायचे तिचेच.

गेल्या शरद ऋतूत म्हातारा गेला. वर्षश्राद्धाचं जेवण, ज्याला तिकडे अश म्हणतात, यंदा व्हायचं होतं. चार मुलखांचे लोक येणार. जोमार्तने ठरवलं की त्या दिवशी वडिलांना खेळात सगळ्यांसमोर दौडवायचं आणि दुपारी मैदानावर खरा उलाक लावायचा. आणि त्याने आईला सांगून टाकलं, "अपा, खेळ झाला की मी कालिपाला बिश्केकला नेणार. माझ्या दुकानात रीतसर कामाला. माझ्या बायकोजवळ राहील."

उलकान अपाने तोंडातलं बी थुंकलं. "आणि इथं चूल कोण पेटवेल? तुझा तो डबा?"

"शेजारची येईल की."

"सून घर सोडून जाते ती मेल्यावर."

आठ दिवस धुसफूस झाली. शेवटी म्हातारीने अट घातली. अशच्या दिवशी मालकांची शान राहिली, चार लोकांनी मान डोलवली, तर जाऊ देईन. नाही राहिली, तर त्या लॅपटॉपवर मी कणीक थापेन आणि हिने पुन्हा त्याचं नाव काढायचं नाही. कालिपा दाराआड उभी राहून ऐकत होती. छत्तिसाव्या वर्षी तिला पहिल्यांदाच बाहेरचं दार दिसत होतं आणि त्याची कडी सासूच्या हातात होती.

अशच्या आधी दहा दिवस बिश्केकहून सांजारचा फोन आला. हा जोमार्तकडे नवा लागलेला. वय सव्वीस, शहरातच वाढलेला, बोलण्यात प्रत्येक वाक्याला नाक मुरडणं. कालिपाला तो एजे, म्हणजे ताई, म्हणे.

"एजे, हे आतम काय प्रकरण आहे? एका माणसाला दोन नावं कशाला?"

"राहू दे ते. मला लागतं."

"लागतं म्हणजे? सरळ नाव लिहा ना. कुणी वाचलं तर हसेल आपल्याला."

"हसू दे. त्या ओळीला हात लावू नकोस."

"अच्छा, म्हणजे ते सून-सासऱ्याचं! एजे, चूल आणि घुंगट घरात ठेवा हो. स्क्रिप्टमध्ये कशाला आणता?"

"सांजार, पोरा, तुझ्या आईने तुला बोलायला शिकवलं, कधी गप्प बसायचं ते नाही शिकवलं. ओळीला हात लावायचा नाही. कळलं?"

"कळलं, कळलं." आणि फोन ठेवून त्याने हात लावलाच. त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या. गावातली एक सून त्याला गप्प बस म्हणते! त्याने ओळ काढली नाही. तेवढी अक्कल होती. त्याने ती 'नीटनेटकी' केली. चिठ्ठी बांधायच्या जागी हुबेहूब नक्कल करायची आज्ञा घातली. म्हणजे आता 'आतम' हा वेगळा पेटारा झाला, बेशेनबायसारखा दिसणारा, पण वेगळा. कालिपाचे सगळे आकडे त्या नकलेत जाऊन पडणार आणि मैदानावर दौडणार दुसराच. सांजारने पलीकडच्या संघाचे दोन स्वार पळवून बघितले, ते पळाले, तेव्हा त्याचं समाधान झालं.

अशच्या दिवशी कालिपा पहाटेपासून राबत होती. तीन घोडे कापले होते, आतड्यांची टोपली धुवायलाच तीन बायका. कणकेचे बोरसोक तळून तळून तिच्या मनगटाला तेलाचे फोड आले. सांजार लॅपटॉप घेऊन आला तेव्हा ती दोन्ही हातांत बादल्या घेऊन धावत होती.

"त्या ओळीला हात लावला नाहीस ना?"

"नाही हो एजे. उलट बरी केली."

"बरी म्हणजे?"

तेवढ्यात युर्तच्या, अंगणातल्या लोकरीच्या गोल तंबूच्या, आतून सासूने सुनेला हाक मारली, "केलीन! पाहुण्यांनी काय कोरडेच बसायचं का?" आणि कालिपाला आत पळावं लागलं. पुढचे दोन तास तिला श्वास घ्यायलाही फुरसत झाली नाही. बरी म्हणजे काय, हा प्रश्न तिच्या पोटात तसाच राहिला.

दुपारी मोठ्या युर्तमध्ये टीव्ही लावला. मानाच्या जागी पांढऱ्या दाढीचे म्हातारे बसले, मध्ये उलकान अपा, काळा रुमाल, हात मांडीवर. सुना दारापाशी उभ्या. जोमार्तने छाती फुगवून चार शब्द सांगितले आणि सांजारने खेळ सुरू केला.

पडद्यावर कोचकोरचं मैदान आलं. डोंगर, धूळ, घोडे. आणि कुमेत घोड्यावर बेशेनबाय. तीच पांढरी टोपी, तोच डावा खांदा किंचित पुढे. म्हाताऱ्यांच्या तोंडून हुंकार निघाला. एक जण तर उठूनच म्हणाला, "बेशेनबाय! हाण!"

बेशेनबाय धडावर वाकला. बोट लागलं आणि सुटलं. पुन्हा वाकला, पुन्हा सुटलं. पलीकडच्या संघातला एक फाटका पोरगा आला, त्याने नुसता धक्का दिला आणि नारीनच्या मुलखातला पहिला स्वार घोड्यावरून पोत्यासारखा खाली आला. उठला, चढला, दहा पावलांवर धापा टाकत थांबला. घोडा त्याला घेऊन मैदानाबाहेर चरायला गेला.

कुणीतरी खुदकन हसलं. मग कुणीतरी आणखी. टोप्या उडवणाऱ्या लोकांचं हसू फार वाईट असतं, ते मेलेल्यालाही सोडत नाही. पाहुण्यांतला एक लठ्ठ माणूस म्हणाला, "आमचे लोक याला उगाच घाबरायचे म्हणायचे!"

पडद्यावरची पकड तिने ओळखली. ती अकराची होती.

उलकान अपा उठली. तिने टीव्हीकडे बोट केलं नाही, सरळ दाराकडे केलं. "ही! हिने केलंय. चौदा वर्षं जीभ बांधून बसली होती माझ्या घरात, तेव्हाच मला कळायला हवं होतं. मालक जिवंत असताना हिंमत झाली नाही, मेल्यावर सूड घेतेय. सगळ्यांसमोर पाडलंस त्यांना, रांडे!"

"अपा, मी नाही."

"आकडे कोण भरतं? सगळ्या गावाला माहीत आहे, तू भरतेस!"

कालिपाने जोमार्तकडे बघितलं. जोमार्त लॅपटॉपमध्ये तोंड घालून बसला होता आणि त्याचा चेहरा उतरत चालला होता. त्याला आकडे दिसले होते. तिने सांजारकडे बघितलं. सांजारने काखा वर केल्या. "मी फक्त साफसफाई केली. आकडे एजेंचेच असतात."

"ऐकलंत?" म्हातारी गरजली. "बिश्केकला जायचंय म्हणे! तुला मी आता विहिरीपर्यंतसुद्धा जाऊ देणार नाही. मरेपर्यंत याच चुलीपुढे बसशील आणि मी मेल्यावरही बसशील!"

मानाच्या जागेवरचा एक दाढीवाला कनवाळूपणाने म्हणाला, "जाऊ दे उलकान. पोरीने आयुष्यभर सासऱ्याचा मान ठेवला, आज चुकली असेल."

या कनवाळूपणाने कालिपाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शिव्या तिने पचवल्या असत्या. चौदा वर्षं तेच जेवण होतं. पण मान ठेवला म्हणे! तिने हातातलं चहाचं तबक जमिनीवर आपटलं.

"बेशेनबायला अकरा मी दिलेले नाहीत!"

दारापाशी उभ्या असलेल्या सुनांपैकी एकीने तोंडावर हात ठेवला. पडद्यावर म्हातारा घोड्यावरून पडला ते सगळे विसरले; सुनेने सासऱ्याचं नाव घेतलं, तेही त्याच्याच अशला, तेही ओरडून.

"काय म्हणालीस?" उलकान अपाचा आवाज एकदम खाली आला.

"बेशेनबाय. बेशेनबाय, बेशेनबाय. मी त्याच्या पकडीला ब्याण्णव दिले होते. माझे आकडे या शहाण्याने दुसऱ्याच पेटाऱ्यात टाकले, म्हणून जुने वर आले. आणि जुने कुणाचे आहेत ते स्क्रिप्टच सांगते. ओळीशेजारी लिहिणाऱ्याचं नाव असतं. वाचा बायके. मोठ्याने वाचा."

जोमार्तने वाचलं नाही. कपाळावरचा घाम पुसत तो म्हणाला, "अपा, जुनी गोष्ट आहे. चार वर्षांपूर्वीची. गंमत म्हणून..."

लॅपटॉपवर उघडलेली ओळ टीव्हीवरही आली होती, पण म्हातारीला अक्षरं लहान दिसत होती. ती टीव्हीजवळ गेली, नाक काचेला टेकेपर्यंत वाकली आणि थोरल्या लेकाचं नाव तिने अक्षर अक्षर करत वाचलं. मग ती सरळ झाली. पाहुण्यांना म्हणाली, "मांस शिजायला वेळ आहे. जा, मैदानावर जा. तिथं खरे घोडे आहेत." आणि जोमार्तला म्हणाली, "तूही जा. तुझं तोंड दिसलं तर मी काय करेन सांगता येत नाही."

सगळे उठले. म्हातारे कण्हत, सुना मागे वळून बघत, सांजार तर कनातीखालून जावं तसा वाकून गेला. त्याला कालिपा एवढंच म्हणाली, "तुला मी बघते," आणि तो थांबला नाही.

युर्तमध्ये दोघीच उरल्या. जमिनीवर चहा सांडलेला, वाट्यांचे तुकडे पडलेले.

"ते आधीसारखं कर," म्हातारी म्हणाली.

कालिपा लॅपटॉपपुढे बसली. नकलेची आज्ञा खोडून तिने चिठ्ठी पुन्हा बांधली असती तरी भागलं असतं. तिने 'आतम'ची ओळच खोडली. आता तोंड विटाळलंच होतं. तिने ते नाव अक्षर अक्षर लिहिलं आणि पुढे आकडे घातले. ताकद ब्याऐंशी, दम शहात्तर. पकड ब्याण्णव. खेळ पुन्हा सुरू केला. बेशेनबाय वाकला, एका हाताने धड उचललं, मांडीखाली दाबलं आणि चार घोड्यांच्या भिंतीतून पार निघून गेला.

उलकान अपा बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. "असाच होता मेला," ती म्हणाली. मग कालिपाकडे वळून, "तुझे एवढे हाल केले, आणि तू ब्याण्णव दिलेस?"

"तेवढी होती."

"अजून काय काय डबे आहेत यात?"

कालिपाने पाचही वाचून दाखवले.

"आणि माया?"

"तसा डबा नाही, अपा. उलाकला लागत नाही."

"कर."

"कुठलीच ओळ तो डबा वाचणार नाही. खेळात काहीच फरक पडणार नाही."

"त्या माणसात तरी कधी पडला होता? कर म्हणते ना."

कालिपाने नवी चिठ्ठी लिहिली. बेशेनबायची माया, मग बरोबरचं चिन्ह. सूड म्हणून हा आकडा तिने हजारदा मनात लिहिला होता. पण बायकोसमोर, त्याच्या अशच्या दिवशी, तिची बोटं उठेनात.

"किती घालू?" तिने विचारलं.

म्हातारीने काळ्या रुमालाची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली. बांधताना मानेवरची जुनी, वाकडी जुळलेली कातडी क्षणभर दिसली. इतक्या वर्षांत कालिपाला ती कधी दिसली नव्हती.

"तू चौदा वर्षं काढलीस. मी सत्तेचाळीस. मला काय विचारतेस?"

कालिपाने शून्य लिहिलं.

उलकान अपा पुन्हा काचेला नाक लावून वाकली. आकडा तिने बराच वेळ पाहिला, चुकीचा असेल या आशेने पाहावा तसा. मग मागे सरली.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "पुसू नकोस." आणि दाराकडे जाता जाता, मागे न बघता, नेहमीच्याच कडवट आवाजात, "बिश्केकची गाडी उद्या सातला सुटते. भांडी घासून जा."